मर्दानी घड्याळ

माझ्या मनगटावरचं घड्याळ माझ्यानंतर कुणाकडे जाणार, हे आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. थोरल्या दिरांनी ते त्यांच्या नातवाच्या नावावर कधीच करून टाकलं होतं. मला मुलगा नाही, एकच लेक. घरात वंशाचा म्हणावा असा तो एकटा नातू, आणि घड्याळ तर गड्याचं. त्यांच्या मते प्रश्न मिटलेला होता. जाऊबाई त्या पोराला कडेवर घेऊन यायच्या, माझं मनगट दाखवायच्या आणि म्हणायच्या, हे बघ, तुझं घड्याळ काकीआजीनं सांभाळायला ठेवलंय. पोरगं हात पुढं करायचं, मी हात मागं घ्यायचे. एवढ्यावरून त्या घरात मला हट्टी म्हणत. बरोबरच म्हणत.

मी नर्स. शिक्षण नांदेडला झालं, माहेरही नांदेडचंच. पहिली नेमणूक मिळाली ती रेणापूरजवळच्या एका गावात, उपकेंद्रावर. तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर पाट्या नव्या, शिक्के नवे, खुर्च्या मात्र कुठून कुठून मागून आणलेल्या. लोकांना वाटलं, जिल्हा झाला म्हणजे आता सगळं दारात येईल. आमच्या गावात आला तो टँकर. लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं होतं आणि गावच्या विहिरीत माणूस उतरून तळ झाडून येत होता.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खाट, एक कपाट आणि मी. घड्याळ नव्हतं. नाडी मोजायची तर मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणत बसायचं आणि मिनिट झालं असं आपणच ठरवायचं. शिकताना वॉर्डातल्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, त्याची सवय लागलेली. इथं एका बाळंतिणीची नाडी मी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. त्या दिवशी ठरवलं, पहिला पगार आला की घड्याळ. आई म्हणाली लुगडं घे, सासूबाई म्हणाल्या कानातलं घे. मी नांदेडला गेले आणि थेट वजिराबादेतल्या घड्याळाच्या दुकानात शिरले. तेव्हा मला पाचवा महिना होता.

दुकानदार म्हातारे होते, डोळ्याला भिंग लावून बसलेले. बाई गिऱ्हाईक म्हटल्यावर त्यांनी काचेखालून बायकांच्या घड्याळांचा ट्रे काढला. एकेक घड्याळ तुरीच्या दाण्याएवढं. सोनेरी साखळी, तबकडीवर आकडेच नाहीत, नुसते चार ठिपके. मी विचारलं, ह्यात सेकंदाचा काटा कुठंय? त्यांनी भिंग काढून माझ्याकडं बघितलं आणि सांगितलं, जनानी घड्याळात तो काटा येत नाही, बायकांना सेकंद कशाला लागतात. मग मर्दानी दाखवा, मी म्हटलं.

त्यांनी काढलं, पण काचेवर ठेवलं नाही, हातातच धरून राहिले. "बाई, हे तुमच्या हातावर लई मोठं दिसंल."

"मला नाडी बघायची आहे, हात मिरवायचा नाही."

हे ऐकल्यावर मात्र म्हातारबाबांचा नूरच बदलला. गल्ल्यावरून उठून माझ्या बाजूला स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, घड्याळ घालायला पाहिजे का ठेवायला. मी म्हटलं, रोज घालायला, आणि माझ्यानंतर ह्याला द्यायला. आणि पोटाकडं बघितलं. मग त्यांनी सोनेरी घड्याळं सगळी बाजूला सारली. सोन्याचं पाणी आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांच्या घामात उतरतं, म्हणाले. तारीख दाखवणारं नको, जितके जास्त भाग तितकी जास्त दुखणी. काच अशी घ्यायची की ओरखडे पडले तर दंतमंजनानं घासून निघावेत. यंत्र असं घ्यायचं की कुठल्याही तालुक्याच्या गावात रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या कारागिराला ते उघडता यावं. चावी रोज एकाच वेळेला द्यायची आणि शेवटपर्यंत पिळायची नाही. सगळ्यात महत्त्वाचं, कपाटात ठेवायचं नाही. ठेवलेल्या घड्याळातलं तेल सुकतं आणि ते बसल्या जागी मरतं. चालवलं तर तुमच्या लेकराच्या लेकराला पुरेल.

असं करत करत एक उरलं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, बारीक लांब सेकंदकाटा, काळा चामडी पट्टा. पट्ट्याला त्यांनी आरीनं तीन भोकं जास्तीची पाडली तेव्हा ते माझ्या मनगटावर बसलं. घालून देताना ते म्हणाले, मुलगा झाला तर त्याच्या कामाला येईल. मुलगी झाली तरी येईल, मी म्हटलं. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. बोलायचंच असेल तर भावाला सांगतो, भाऊ नसेल तर पोरांना, पोरं नसतील तर भिंतीला. थोरल्या दिरांचं लातूरला कापडाचं दुकान. सणाला आम्ही तिथं गेलो, मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायला वाकले आणि त्यांची नजर मनगटावर पडली. ते छताकडं बघून म्हणाले, "गड्याचं घड्याळ बाईनं घातलेलं आपल्यात कुठं पाह्यलं न्हाई." छतानं उत्तर दिलं नाही, म्हणून मीही दिलं नाही. माझे यजमान शाळामास्तर. त्यांना वर्गात आवाज होता, घरात नाही. ते चहात बिस्कीट बुडवत राहिले.

गावात त्या काळी पाच घड्याळं होती आणि पाच वेळा होत्या. सरपंचांचं, ग्रामसेवकाचं, हेडमास्तरांचं, किराणा दुकानदाराचं आणि माझं. बाकी चौघांची घड्याळं मुद्दाम पुढं केलेली असत, का तर सकाळची एसटी चुकू नये. कुणाचं दहा मिनिटं पुढं, कुणाचं पंधरा. ती एसटी स्वतः किती उशिरा यायची ते विचारू नका. पण घड्याळ पुढं ठेवणं हे शहाणपणाचं लक्षण समजलं जायचं आणि आमच्या भागात ते अजूनही समजलं जातं. माझं घड्याळ मी रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी टुक टुक वाजायचं त्याच्याशी लावायचे. मिनिटभर इकडं नाही की तिकडं नाही. बायकांना हे ठाऊक झालं. टँकर यायच्या वेळेला आधी माझ्याकडं पोरगी धाडायच्या, नर्सबाईला टायम विचारून ये म्हणायच्या, आणि मग घागरी काढायच्या. गावातल्या जन्मांची वेळही माझ्याच घड्याळाची. मी ती रजिस्टरात लिहायचे आणि लोक चिठ्ठीवर उतरवून न्यायचे. त्यावरून पत्रिका व्हायच्या, बारशाला अक्षरं निघायची. माझा पत्रिकेवर कवडीचा विश्वास नव्हता. माझ्या वडलांच्या गळ्यात लिंग होतं आणि ते म्हणत, हे गळ्यात असताना त्या आभाळातल्या दगडांना काय भ्यायचं. पण लोकांना वेळ पाहिजे होती आणि माझ्याकडं खरी वेळ होती. ती देण्यात मला अभिमान वाटायचा. इतका की कधीकधी कुणी न विचारताही मी सांगायचे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण लेक वीस दिवस आधीच निघाली. वर ऊन, दुपार व्हायला आलेली, आणि नेमका टँकर आला. टँकर विहिरीत ओतला जायचा आणि अर्ध्या तासात ती विहीर पुन्हा कोरडी व्हायची, त्यामुळं गावात जे जे चालतं ते सगळं विहिरीवर. सासूबाई चार दिवस आधीच येऊन राहिल्या होत्या, त्याही दोन घागरी घेऊन धावल्या. यजमान शाळेत. माझ्याजवळ राहिली ती म्हातारी दाई. आम्ही दोघींनी मिळून त्या काही महिन्यांत गावातली कितीतरी बाळंतपणं केली होती. तिचा एक कान माझ्याकडं आणि एक विहिरीवरच्या भांडणाकडं. जा म्हटलं तर गेली नाही.

मूल रडलं आणि मी हात वर करून घड्याळ बघितलं. बारा वाजून सात मिनिटं, मी मोठ्यानं म्हणाले. दाई नाळेशी झटत होती, ती वैतागली. "पोरगी झाली, बाई. टायम काय बघून राहिली?" पण मी तिच्याकडून रजिस्टर मागून घेतलं आणि पडल्या पडल्याच नोंद केली. त्या नोंदीत आई म्हणूनही माझंच नाव आहे आणि नोंद घेणारी म्हणूनही माझीच सही. पोरीला पुसायला पाणी मिळालं ते सासूबाईंनी भांडून आणलेल्या घागरीतलं.

थोरल्या दिरांनी ती वेळ मागून घेतली आणि पत्रिका करवली. निघालं काय, तर पोरीला कडक मंगळ. कागद घडी घालून पेटीत गेला आणि वीस वर्षं तिथंच राहिला. तोवर माझ्या बदल्या झाल्या, जळकोट झालं, औसा झालं, घड्याळाचे पट्टे सहा-सात बदलले. घड्याळ चालतच राहिलं. लेक दहावी, बारावी करत बी.ए.ला गेली आणि एक दिवस थोरल्या दिरांनी उदगीरचं स्थळ आणलं.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. घरचं कापडाचं दुकान, एकुलता एक, दिसायला बरा. त्या लोकांना पोरगी पसंत होती. अडलं ते मंगळावर. मुलाच्या आजीनं मंगळाची मुलगी नको म्हणून अन्न सोडायची धमकी दिली होती. मग त्यांच्याकडच्या पंचांग बघणाऱ्या स्वामींनी कागद मांडला, बोटं मोजली आणि सांगितलं की जन्म दहा मिनिटं अलीकडचा धरला तर लग्नरास बदलते आणि मंगळ त्या घरातून उठतो. दहा मिनिटं. आमच्या भागातल्या माणसाला दहा मिनिटं म्हटल्यावर जे सुचेल तेच थोरल्या दिरांना सुचलं.

लातूरला त्यांच्या घरी बैठक बसली. सतरंजीवर मुलाचे वडील, मामा, स्वामी, आमचे यजमान, थोरले दीर. मी दाराच्या चौकटीपाशी, लेक आत स्वयंपाकघरात. सगळ्यांचे चेहरे मोकळे होते. कुणालाच भांडायचं नव्हतं. सगळ्यांना फक्त माझं एक वाक्य पाहिजे होतं. आणि तेव्हा लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोरले दीर छताकडं न बघता माझ्याकडं बघून बोलले.

"बाई, त्या वक्ताला समद्यांचीच घड्याळं दहा मिनिटं फुडं असायची. तुमचं बी असंल. तेवढं म्हना, काम होऊन जाईल."

किती सोपं होतं. वाक्य बोलायला दोन सेकंद लागले असते, आणि सेकंद मोजायला माझ्याकडं काटाही होता. माझा मंगळावर विश्वास नाही, मग वेळ बारा सात असो की अकरा सत्तावन्न, मला काय फरक पडत होता. असा विचार माझ्याही मनात आला, नाही असं नाही. पण लगेच डोळ्यांपुढं ती रजिस्टरं आली. त्या गावात, नंतर जळकोटला, औशाला, जेवढी लेकरं माझ्या हातून जगात आली त्या सगळ्यांच्या नावापुढं मी ह्याच घड्याळाची वेळ लिहिली होती. माझं घड्याळ पुढं होतं म्हणायचं म्हणजे त्या सगळ्या नोंदी खोट्या म्हणायच्या. तेही कुणासाठी, तर एका आजीच्या समाधानासाठी. अंगात जी ठिणगी पडली ती मला अजून आठवते.

"माझं घड्याळ कधीच पुढं नव्हतं," मी म्हटलं. "बारा वाजून सात मिनिटांनी झाली आणि तेच लिहिलं. ज्यांना पोरगी पाहिजे त्यांनी मंगळासकट न्यावी."

स्वामी भले गृहस्थ होते. ते समजावणीच्या सुरात म्हणाले की बाई, ह्यानं कुणाचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं, मी म्हटलं. मामांनी एकदा यजमानांकडं बघितलं. यजमान सतरंजीचा धागा ओढत होते. मग त्या लोकांनी चहा पूर्ण घेतला, सुपारी घेतली, अगदी रीतीनं निरोप घेतला आणि गेले. थोरले दीर पुन्हा छताकडं बघायला लागले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत असं सगळे सांगतात. तसं म्हटलं तर ते माझ्याशी बोलले तेच मुळी त्या दिवशी, एकदाच.

परत येताना एसटीत लेक खिडकीशी बसली, मी शेजारी, यजमान मागच्या बाकावर. मी मनातून फुगले होते. मला वाटत होतं, आता ही काहीतरी म्हणेल, आई, बरं केलंस म्हणेल. आतून सगळं ऐकलं होतं तिनं. लातूर मागं पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. शेवटी मीच विचारलं, काय झालं.

"तू घड्याळासाठी भांडलीस," ती म्हणाली. "मला ते पोरगं पाहिजे का नको, हे काकांनी न्हाई विचारलं. तू बी न्हाई विचारलंस."

थोबाडीत बसावी तसं झालं. मी विचारलं, नको होता ना? नको होता, ती म्हणाली. "पण पाहिजे असता, तर?"

पाहिजे असता तरी मी तेच वाक्य बोलले असते आणि पोरीचं मन मोडून घरी आले असते, आणि वरून स्वतःला शाबासकी दिली असती. हे मी आज लिहू शकते, तेव्हा नाही. तेव्हा एवढंच विचारलं, बाई गं, मग तुला पाहिजे तरी काय. आणि ती म्हणाली की एसटीत कंडक्टरची भरती निघालीय, बायकांनाही घेतायत, तिनं अर्ज भरलाय.

मी, जिनं मर्दानी घड्याळ घातलं, जिनं भर बैठकीत थोरल्या दिराला नाही म्हटलं, तीच मी पहिलं काय बोलले असेन? चार लोकांत काय तोंड दाखवायचं, असं बोलले. बी.ए.ची पोरगी, मास्तराची लेक, दारुड्यांच्या गर्दीत तिकिटं फाडणार का, असं बोलले. शब्द न् शब्द थोरल्या दिरांचा, फक्त आवाज माझा. लेकीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग ती एसटीच्या छताकडं बघत बसली. आणि मागच्या बाकावरून आमचे यजमान हळूच म्हणाले, "अर्ज पोस्टात टाकायला मीच गेलतो तिच्यासंगं." आमच्या घरातलं बंड मी करते असा माझा समज होता. खरं बंड त्या दोघांनी गुपचूप पाकिटात घालून पोस्टाला टाकलं होतं.

तीन दिवस मी घर डोक्यावर घेतलं. भांडी आदळली. यजमानांना भाकरी वाढली ती ताटात टाकली. मला भीती वाटत होती आणि ती रागाच्या नावाखाली खपवत होते. चौथ्या दिवशी एका बाईची नाडी मोजत होते. सेकंदकाट्यावर नजर, आणि मनात आलं, मी दुकानात जाऊन जे मागितलं होतं ते माझ्या कामाला लागत होतं म्हणून मागितलं होतं. कुणाच्या नाकावर टिच्चून घालायचं म्हणून नव्हे. पोरगीही काम मागतेय. त्या म्हाताऱ्या दुकानदाराला ते एका वाक्यात कळलं होतं आणि मला, तिच्या आईला, तीन दिवस लागले. मला स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी घरी गेल्यावर मी लेकीला एवढंच विचारलं, की लेखी परीक्षा कधी आहे.

ती पास झाली. ट्रेनिंग झालं, बिल्ला मिळाला, नेमणूक नांदेडकडं. ती निघायच्या आठवड्यात लातूरहून निरोप आला, अर्थात यजमानांच्या मार्फत, की पोरगी तर हातची गेलीच, निदान घड्याळ तरी घरातल्या पोराला राहू द्या. तो नातू तोवर चौथीत गेला होता आणि त्याच्या हातावर गाणी वाजवणारं प्लॅस्टिकचं घड्याळ होतं. त्याला माझ्या घड्याळाचं काडीचं कौतुक नव्हतं. मी निरोप ऐकला आणि भाजी निवडत राहिले.

लेकीपुढं दोन घड्याळं होती. एक तिच्या मामानं, माझ्या भावानं, आणलेलं आकड्यांचं, काटे नसलेलं. दुसरं यजमानांना बदलीच्या वेळी शाळेनं निरोप समारंभात दिलेलं, सोनेरी. ती अंगणात उन्हात उभी राहिली. डाव्या हातानं बसची दांडी धरल्यासारखा हात वर केला, उजव्या हातात तिकिटांची पेटी असल्यासारखी बोटं केली, आणि एकेक घड्याळ घालून बघितलं. आकड्यांचं घड्याळ उन्हात नुसतं काळं दिसायला लागलं. सोनेरी घड्याळ हात वर केला की घसरून कोपराकडं जायचं, आणि त्यावर आकड्यांच्या जागी रेघा होत्या. ती म्हणाली, आई, तुझं दे बघू.

मी वीस वर्षं ह्याच क्षणाची वाट बघितली होती आणि आता माझा हात पट्ट्याकडं जाईना. खोटं कशाला बोलू. रोज सकाळी चावी देताना अंगठ्याला जो खरखरीत स्पर्श व्हायचा तो उद्यापासून नसणार, एवढंच मनात येत होतं. शेवटी मीच मनगट पुढं केलं आणि तिनं बक्कल सोडलं. तिनं ते घातलं, हात वर धरला, मान न वळवता नुसती नजर टाकली आणि वेळ सांगितली. पांढरी तबकडी, काळे आकडे. "हेच पाहिजे," ती म्हणाली. तिनं ते माझी आठवण म्हणून घेतलं नाही. उन्हात दिसतं म्हणून घेतलं. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं. यजमानांनी कंपासपेटीतल्या कर्कटकानं पट्ट्याला भोक पाडून दिलं. मी त्यांना सांगितलं, थोरल्या भाऊजींना कळवा, घड्याळ नोकरीवर गेलं.

दुसरं घड्याळ मी घेतलं नाही. आता केंद्रात भिंतीवर घड्याळ आहे, टेबलावर आहे, नाडीचं यंत्र आलंय. बाहेर पडले की मात्र मनगटाकडं बघायची सवय जात नाही. बघते, आणि तिथं नुसता पांढरा पट्टा, वीस वर्षांच्या उन्हानं न पोळलेला.

मागच्या मार्गशीर्षात माहेरी नांदेडला गेले होते. माहूरला रेणुकेची ओटी भरायची होती आणि लेक तेव्हा माहूरच्या गाडीवर होती. तिच्याच गाडीनं जाऊ म्हटलं, तेवढाच चार तासांचा सहवास. साडेनऊची गाडी. सकाळी खण घेतला, नारळ घेतला, पानं-फुलं घेताना बाईशी घासाघीस केली, वाटेत ओळखीची भेटली, तिला लेकीचं सांगितलं. हातात घड्याळ नव्हतं आणि मला आपलं वाटत होतं की बराच वेळ आहे.

बसस्टँडच्या फाटकातून आत शिरले तर गाडी फलाटावर सुरू झालेली. ड्रायव्हर जागेवर. दारात लेक उभी, खाकी कपड्यांत, खांद्याला पैशांची बॅग. मी हात वर केला, थांब म्हणून. हातातल्या पिशवीतून नारळ पडला आणि घरंगळत गेला. तिनं मला बघितलं. चांगलं बघितलं, नजरेला नजर मिळाली. मग तिनं मनगटाकडं बघितलं. आणि दोरी ओढून दोनदा घंटी दिली.

गाडी गेली. बाकावरचे एक काका नारळ उचलून घेऊन आले आणि कळवळून म्हणाले की बाई, ओरडायचं होतं, एका बाईमाणसासाठी अर्धा मिनिट थांबवली असती.

"ती माझी लेक हाय," मी म्हटलं.

मग तर थांबवायलाच पाहिजे होती, ते म्हणाले. मी म्हटलं, न्हाई, गाडी साडेनऊची हाय. ते माझ्याकडं बघत राहिले, कारण मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी नारळ पदरानं पुसला, पिशवीत ठेवला आणि माहूरची पुढची गाडी कधी आहे हे विचारायला खिडकीकडं गेले.